न शिकलेल्या सहा उंदरांविषयी

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. चार पानं. गाइडशी उडालेले खटके, शेजारच्या लॅबमधल्या मुलाचा आलेला पेपर, तुझा न आलेला पेपर, पीएचडीचं चौथं वर्ष, रात्री न लागणारी झोप. आणि शेवटी तीन प्रश्न: ही लॅब सोडू का, न्यूरोपिक्सेल्स (मेंदूतल्या शेकडो पेशी एकदम टिपणारी प्रोब) शिकायला दुसरीकडे जाऊ का, की हे सगळंच सोडून मशीन लर्निंगकडे वळू? उत्तरं देईन, पण नंतर आणि थोडक्यात. कारण तुझ्या तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे आणि मी तिथेच अडकले आहे. तू लिहितेस, 'चौदापैकी सहा उंदीर शिकले नाहीत, ते ॲनालिसिसमधून काढले.'

एवढं लिहून तू पुढच्या ग्राफकडे गेलीस. सहा उंदीर! प्रत्येकाच्या डोक्यावर तू शस्त्रक्रिया केलीस, आठवडेच्या आठवडे रोज वजन केलंस, पाणी मोजून दिलंस, पेटीत बसवून शिकवलंस. आणि त्यांच्याबद्दल तुझ्याकडे सांगायला एवढंच आहे, की ते शिकले नाहीत? मग ते करत काय होते? रोज तासभर त्या पेटीत एक तहानलेला, जागा असलेला, जिवंत प्राणी होता. तो काहीतरी करत होताच. काय करत होता?

तुला माहीत नाही. माहीत असतं तर ती चार पानं तू त्याच्यावरच लिहिली असतीस.

आधी प्राणी बघ. मला सांगायचं आहे ते एवढंच. पत्रभर हेच सांगणार आहे, तेव्हा कंटाळू नकोस.

तुझा प्रयोग मला समजला तो असा. एका बाजूच्या भोकात नाक घातलं तर दहातल्या आठ वेळा पाण्याचा थेंब मिळतो, दुसऱ्या बाजूला दहातल्या दोन वेळा. काही फेऱ्या झाल्या की कुठलीही सूचना न देता बाजू पालटतात. बाजू पालटत असतानाही उंदराने सत्तर टक्के फेऱ्यांत जास्त पाण्याची बाजू निवडली, तरच तो शिकला असं तू ठरवतेस. आता जरा उंदराच्या जागी बसून बघ. डावीकडे गेलीस, पाणी आलं नाही. याचा अर्थ काय लावायचा? नियम पालटला, की ही त्या दहातल्या दोन कोरड्या फेऱ्यांपैकी एक? एका कोरड्या फेरीवरून काही ठरत नाही. लागोपाठ दोन आल्या तर शंका यावी, तीन आल्या तर बरीच. पण किती शंका घ्यायची हे कशावर ठरणार? हे जग किती वेळा बदलतं याबद्दल त्या उंदराचा जो अंदाज असेल त्यावर. ज्याला जग चंचल वाटतं तो चटकन वळेल, आणि सगळं सुरळीत असतानाही अधूनमधून दुसऱ्या बाजूला डोकावून येईल. ज्याला जग स्थिर वाटतं तो बराच वेळ चिकटून राहील. दोघंही आपापल्या अंदाजाप्रमाणे शहाणपणानेच वागत असतील. तुझा निकष मात्र दोघांनाही नापास करतो आणि एकाच ढिगात टाकतो.

१९६१ साली रिचर्ड हर्न्स्टाइन यांनी कबुतरांवर दाखवलं होतं की दोन बटणांपैकी ज्यातून जितके दाणे मिळतात, त्या प्रमाणात कबुतरं आपल्या चोची दोन्हींवर वाटून मारतात. जास्त दाणे देणाऱ्या बटणावरच सगळा जोर लावणं म्हणजे शिकणं, असा निकष लावला असता तर ती कबुतरंही काढून टाकावी लागली असती, आणि त्यांच्यासोबत वर्तनशास्त्रातला एक फार महत्त्वाचा नियमही.

जुळवून घेणारं वर्तन असं आपण म्हणतो. ॲडॅप्टिव्ह बिहेवियर. कशाशी जुळवून घेणारं? प्राण्याच्या पुढ्यात जे जग आहे त्याच्याशी. तुझ्या कोडमध्ये लिहिलेल्या सत्तर टक्क्यांच्या रेषेशी नव्हे.

इतक्या तावातावाने लिहिते आहे त्याला कारण आहे. हे मी स्वतः केलेलं आहे.

मी पोस्टडॉक होते, म्हणजे पीएचडीनंतर दुसऱ्याच्या लॅबमध्ये काम करत होते. नऊ रॅट होते माझ्याकडे, तुझ्या उंदरांहून मोठ्या जातीचे. प्रयोग तुझ्यापेक्षा सोपा: एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला नाही, आणि मधूनच अदलाबदल. पाच रॅट फार सुरेख करायचे. अदलाबदल झाली की दोन-तीन चुका, आणि लगेच नव्या बाजूला. उरलेल्या चार रॅटना पंधरा-पंधरा चुका लागायच्या, काही दिवस तर त्याहून जास्त. चौघांना आम्ही काढून टाकलं. पाच जणांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागात, इलेक्ट्रोड होते आणि तिथे आम्हाला अशा चेतापेशी सापडल्या ज्या नेमक्या अदलाबदलीच्या सुमाराला पेटून उठत. 'नियम बदलला' हे सांगणाऱ्या पेशी. पेपर चांगल्या जर्नलमध्ये आला. मला बोलावणी येऊ लागली.

तीन वर्षांनी एका व्याख्यानासाठी व्हिडिओचा छोटा तुकडा हवा होता, म्हणून जुन्या टेप काढल्या. तोपर्यंत ते व्हिडिओ मी कधी नीट बघितलेच नव्हते. बघायचं कशाला? कुठल्या भोकात किती वाजता नाक गेलं हे कॉम्प्युटर लिहून ठेवत होता. टेप बघताना दिसलं की ते पाच हुशार रॅट प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला क्षणभर थबकतात, मान उचलतात, कान एका बाजूला वळवतात आणि मग निघतात. चार 'मठ्ठ' रॅट असं काही करत नाहीत, ते सरळ निघतात. मी त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत तेच तेच तुकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. पाणी सोडणारी झडप फेरीच्या सुरुवातीलाच त्या त्या बाजूला सज्ज होत होती, आणि सज्ज होताना बारीकसा आवाज करत होती. आपल्याला ऐकू न येणारा. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या आसपास थांबतो, रॅटचा ७०च्याही वर जातो.

कळलं का तुला? पाच हुशार रॅट नियम शिकलेच नव्हते. ते ऐकत होते. मागच्या फेऱ्यांचा हिशेब डोक्यात ठेवून नियम पालटल्याचं ओळखणं, म्हणजे ज्यासाठी तो सगळा खटाटोप होता, ते काम त्या चार रॅटनी केलं होतं. हळू केलं, कारण ते मुळातच अवघड आहे. त्यांना आम्ही काढून टाकलं. आणि ज्यांना 'नियम बदलल्याच्या पेशी' म्हणत होतो त्या बऱ्याच अंशी त्या थबकण्याबरोबर, मान उचलण्याबरोबर पेटत होत्या. अदलाबदलीनंतर रॅट जरा जास्त वेळ कान देत, इतकंच.

आधी प्राणी बघ. मी बघितला तो तीन वर्षांनी.

पुढचं सांगायला जड जातं, पण सांगते. माझ्या तेव्हाच्या वरिष्ठांना मी सगळं दाखवलं. ते म्हणाले, मूळ निष्कर्ष तसा टिकतो, उगाच राळ उडवू नकोस. मी तोवर नोकरीसाठी अर्ज केले होते आणि सगळ्या अर्जांत तोच पेपर पहिल्या ओळीत होता. मी दीड वर्ष गप्प बसले. नोकरी मिळाली, स्वतःची लॅब उभी राहिली, मग पहिल्याच वर्षी सतत खरखर आवाज लावून तो प्रयोग नव्याने केला. हुशार रॅट हळू झाले. ते आम्ही छापलं, आणि माझ्या आधीच्या पेपरचा अर्थ चुकीचा होता असं स्पष्ट शब्दांत लिहिलं. कितीजण असं करतात? फार नाही. हे मी स्वतःला इतक्या वर्षांत पुष्कळदा सांगितलं आहे, आणि ते खरंही आहे. पण त्या दीड वर्षात कुठल्यातरी लॅबमधली एक मुलगी, साधारण तुझ्याच वयाची, त्याच पेशींवर पीएचडी करत होती. माझा दुसरा पेपर आल्यावर तिने मला ईमेल केली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. 'हे तुम्हाला कधी कळलं?' एवढंच विचारलं. मी खरी तारीख लिहिली. तिचं उत्तर आलं नाही.

म्हणून तुझं ते वाक्य वाचून मला पुढे जाता येईना.

तुला वाटेल, हा माझा एकटीचा अपघात. तसं नाही. तुझ्याच प्रश्नाशी अगदी लागून असलेलं उदाहरण घे. नियम पालटल्यावर बाजू बदलण्यासाठी ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे डोळ्यांच्या वरचा मेंदूचा भाग, लागतं, हे तुझ्या थीसिसच्या पहिल्या प्रकरणात असेलच. कित्येक दशकं सगळ्यांच्याच होतं. माकडांच्या मेंदूचा तो भाग काढला की ती जुन्या निवडीला चिकटून राहत. मग २०१३ साली पीटर रुडबेक, एलिझाबेथ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो भाग शोषून काढण्याऐवजी तिथे असं रसायन टोचलं की पेशी मरतात, पण तिथून पलीकडे जाणारे तंतू वाचतात. ती माकडं बाजू व्यवस्थित बदलत होती! जुन्या शस्त्रक्रियेत वाटेवरचे तंतू तुटत होते, आणि दोष त्या भागाच्या माथी जात होता. पण मला त्यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. त्या माकडांचं काहीच बिघडलं नव्हतं असं नाही. एखादा खाऊ पोटभर दिल्यावर त्या खाऊकडे नेणारी वस्तू टाळायला हवी, ते त्यांना जमत नव्हतं. वस्तूची आत्ताची किंमत ताजी करता येत नव्हती. 'चिकटून राहतं' असं एकच लेबल लावून पुढे गेलं असतं कोणी, तर हे दोन निराळे बिघाड एकाच शब्दाखाली गाडले गेले असते. वर्तनाला ढोबळ नाव दिलंस की सर्किटलाही, म्हणजे त्यामागच्या चेतापेशींच्या जाळ्यालाही, ढोबळ नाव मिळतं. त्यानंतर कितीही बारीक इलेक्ट्रोड आण, तो ढोबळपणा जात नाही.

आता तू म्हणशील (पत्रात जवळजवळ म्हणालीच आहेस) की हे सगळं जुन्या काळचं, आता सगळ्या जोडण्यांचे नकाशे येताहेत. येऊ देत, मलाही आनंद आहे. एका मिलिमीटरभर अळीच्या, सी. एलिगन्सच्या, ३०२ चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ साली छापून आला. २०२४ साली फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा आला, १ लाख ३९ हजारांहून जास्त पेशी. थक्क करणारं काम आहे. पण अळीचा नकाशा हाती येऊन इतकी वर्षं झाली, तरी नुसत्या नकाशावरून ती पुढच्या मिनिटाला काय करेल हे सांगता येत नाही. का, हे ईव्ह मार्डर यांनी खेकडे आणि लॉबस्टर यांच्या जठरातल्या जेमतेम ३० पेशींच्या सर्किटवर आयुष्य घालवून दाखवलं. जोडण्या त्याच, पण आजूबाजूला कुठली रसायनं पाझरताहेत त्यावर त्यातून निघणारा ताल बदलतो. आणि उलटही: २००४ साली त्यांच्या गटाने कॉम्प्युटरवर दाखवलं की पेशींचे गुणधर्म आणि जोडण्यांचा जोर पार वेगवेगळा असला तरी अगदी सारखा ताल निघू शकतो. म्हणजे तुझ्या आठ 'शिकलेल्या' उंदरांचे मेंदूसुद्धा एकाच वाटेने तिथे पोचले असतील असं धरून चालू नकोस. सरासरी काढण्याआधी एकेकाकडे बघ.

आणि घुबडं! एरिक नुडसेन यांची गव्हाणी घुबडं मला जन्मभर पुरली आहेत. पिल्लांच्या डोळ्यांवर प्रिझमचा चष्मा बसवला की जग एका बाजूला सरकतं. डोळे एक दिशा सांगतात, कान दुसरी. काही आठवड्यांत मेंदूतला आवाजांचा नकाशा सरकून डोळ्यांशी जुळतो. सर्किट जगाशी जुळवून घेतं म्हणजे काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही. मोठ्या घुबडांत मात्र हे फारसं होत नाही, वय झालं, असंच सगळे मानत. पण २००५ साली त्यांच्याच लॅबने मोठ्या घुबडांच्या एका गटाला मेलेले उंदीर भरवण्याऐवजी जिवंत उंदरांची शिकार करू दिली. शिकार करणाऱ्या घुबडांचा नकाशा कितीतरी पटींनी जास्त सरकला. तीच जात, तेच वय, तोच चष्मा. फरक एवढाच की आता कानाने चुकणं महागात पडत होतं. हा प्रयोग सुचायला नवं यंत्र लागलं नाही. घुबड काय करून जगतं हे आठवावं लागलं.

तुझ्या उंदराला चुकणं किती महागात पडतं? शेवटच्या वीस मिनिटांत त्याचं पोट पाण्याने भरलेलं असतं का? तेव्हा तो 'चुकतो' की त्याला आता गरजच उरलेली नसते? विचारलंस कधी?

तू अभिमानाने लिहिलं आहेस की तुझ्याकडे हजारो पेशींचा डेटा आहे. असेल. २०१९ साली दोन मोठे अभ्यास आले, त्यात काम करणाऱ्या किंवा नुसत्या बसलेल्या उंदरांच्या मेंदूचा मोठा भाग टिपला होता. एका फेरीतून दुसऱ्या फेरीत होणाऱ्या ज्या चढउताराला आपण आजवर नॉइज म्हणून, निरर्थक कचरा म्हणून सोडून देत होतो, त्याचा मोठा हिस्सा उंदराच्या हालचालींशी बांधलेला निघाला. मिशा हलवणं, नाक हुंगणं, पाय ताणणं. दृष्टीच्या भागातसुद्धा. चेहऱ्यावर कॅमेरा नसता तर हे कळलं नसतं. तुझ्या 'निर्णय घेणाऱ्या पेशी' मिशा हलवणाऱ्या पेशी नाहीत हे तू कशावरून म्हणतेस? तुझ्या पेटीत कॅमेरा आहे हे तूच लिहिलं आहेस. मग त्याच्या फाइल कोणी उघडायच्या?

चिडले आहे खरी. तुझ्यावर नाही. की थोडी तुझ्यावरही.

माझ्या हट्टाची किंमत दुसऱ्या कोणी मोजली आहे, तेही तुला माहीत असावं. प्रकाशाने चेतापेशी चालूबंद करण्याचं तंत्र २००५ साली आलं, आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्याशिवाय पेपर पुढे सरकेना. माझ्या लॅबमध्ये एक मुलगा होता, फार गुणी. त्याचं काम परीक्षकांकडून परत आलं: अमुक भाग बंद करून दाखवा. मी नाही म्हटलं. प्राणी नेमकं काय करतोय हे कळायच्या आधी एक भाग विझवला आणि तो अडखळला, तर त्यातून काय कळणार? अडखळला एवढंच. मी त्याला आठ महिने व्हिडिओ बघायला लावले. वर्तनाचे चार वेगळे प्रकार त्याने शोधून काढले, उत्तम काम होतं, पण पेपर लहानशा जर्नलमध्ये गेला, आणि तोवर त्याचं संशोधनातलं मन उडालं होतं. त्याने क्षेत्र सोडलं.

२०१५ साली बेन्स ओल्वेत्स्की यांच्या लॅबचा अभ्यास आला. रॅट आणि गाणारे पक्षी यांच्या मेंदूचा एक भाग एकाएकी, तात्पुरता बंद केला की शिकलेलं वर्तन कोसळतं. तोच भाग कायमचा काढून टाकला तर काही काळाने ते वर्तन कुठल्याही सरावाशिवाय परत येतं. म्हणजे तो भाग ते वर्तन घडवत नव्हताच. एकाएकी बंद केल्यामुळे शेजारची घडी विस्कटत होती. मी तो पेपर हातात धरून लॅबभर फिरले. मी बरोबर होते! इतकी वर्षं मी हेच सांगत होते. आणि फिरता फिरता त्या मुलाच्या रिकाम्या टेबलापाशी आले.

त्याला तो प्रयोग करू द्यायला हवा होता का? मी आजही नाहीच म्हणेन. पण पहिल्या दिवशी त्याला समोर बसवून मी सांगायला हवं होतं, की या लॅबमध्ये असं काम होतं, त्याला वेळ लागतो, मोठ्या जर्नलची खात्री नाही, तुला हे झेपेल का ते ठरव. मी ते गृहीत धरलं. माझा हट्ट म्हणजे त्याचाही हट्ट असं धरून चालले. तत्त्व माझं होतं आणि आठ महिने त्याचे गेले. तुला मी आधीच सांगते आहे ते यासाठी.

आता तुझे तीन प्रश्न.

लॅब सोडू का? गाइडकडे जा आणि दोन आठवडे माग. त्या दोन आठवड्यांत नवा प्रयोग नाही, नवा ग्राफ नाही, फक्त त्या सहा उंदरांचे व्हिडिओ. का ते समजावून सांग, वर लिहिलेलं हवं तर माझ्या नावाने सांग. हो म्हणाले तर राहा, बाकीचे खटके सगळीकडे असतात. बघण्यात वेळ वाया जातो असं उत्तर आलं, तर दुसरी लॅब शोध.

न्यूरोपिक्सेल्स? शीक की. सुईसारखी प्रोब, तिच्यावर ९६० जागा, त्यातल्या ३८४ एका वेळी वाचता येतात, शेकडो पेशी एकदम ऐकू येतात. मी तुझ्या वयाची असते तर मीही शिकले असते. पण ते शिकायला आयुष्याची दिशा बदलावी लागत नाही. मी ज्या इलेक्ट्रोडवर हात बसवायला वर्षं घालवली ते आज कोणी वापरत नाही. थबकून कान वळवणारा रॅट मला अजून दिसतो.

मशीन लर्निंग? तुला त्याची मनापासून ओढ असेल तर जरूर जा. इथून पळायचं म्हणून जाऊ नकोस. आणि ते इथेही लागतंच. २०१८ साली आलेलं डीपलॅबकट वापरून व्हिडिओतल्या नाकाचा, कानांचा, पंजांचा माग आपोआप काढता येतो. माझ्या त्या मुलाचे आठ महिने वाचले असते. मात्र कशाचा माग काढायचा हे तुलाच सांगावं लागतं. कानांवर ठिपका ठेवायला हवा हे ज्याने रॅट बघितला आहे त्यालाच सुचतं. आधी प्राणी बघ, मग ठिपके ठेव.

बघायचं कसं, हेही कोणी शिकवत नाही, म्हणून लिहिते. पहिले दोन दिवस काही मोजू नकोस. वही घे, हाताने लिही. व्हिडिओचा वेग वाढवू नकोस, निम्मा कर. फेऱ्यांच्या मधला वेळ बघ. तू तो कापून टाकला असशील, पण उंदराचा बहुतेक दिवस त्याच वेळात जातो. पाणी न आल्यावर तो लगेच निघतो की भोकापाशी रेंगाळतो? रेंगाळणं सोपी गोष्ट नाही; रेंगाळतो म्हणजे त्याची काहीतरी अपेक्षा होती. डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशींबद्दल वोल्फराम शुल्ट्स यांना जे दिसलं, ते नेमकं तिथलंच. ठरल्या वेळी रस मिळाला नाही की माकडाच्या त्या पेशी नेमक्या त्या क्षणी मंदावत, आणि शुल्ट्स मुळात हालचालींशी नातं शोधायला निघाले होते. बाजू बदलण्याआधी उंदीर मधे थांबून दोन्हीकडे बघतो का? कुठल्या वारी त्याचं बिघडतं? त्या वारी त्याला पेटीत ठेवणारं माणूस कोण असतं?

शेवटचं गंमत म्हणून विचारत नाही. १९९९ साली जॉन क्रॅब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन शहरांतल्या तीन लॅबमध्ये त्याच त्या वंशांच्या उंदरांवर, एकसारख्या उपकरणांनी, शक्य तितकं सगळं सारखं ठेवून त्याच चाचण्या घेतल्या, आणि तरी काही चाचण्यांत निकाल वेगळे आले. २०१० साली जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवलं की उंदराला शेपटीला धरून उचललं तर तो जास्त भेदरलेला राहतो, नळीत घेऊन किंवा ओंजळीत उचललं तर कमी. तू कसं उचलतेस? आणि तुझ्या सुट्टीच्या दिवशी उचलणारा कसं उचलतो? त्या सहापैकी किती उंदीर त्याच्या पाळीत शिकवले गेले? हे तुझ्या वहीत नसेल तर पिंजऱ्यावरच्या कार्डावर असेल. आजच बघ, कार्डं फेकून देतात.

हे सगळं करून त्या सहा उंदरांत काही निघणारच, असं वचन मी देत नाही. कदाचित एकाचं इम्प्लांट दुखत असेल, एकाला कान नीट नसतील, दोघं खरोखरच हळू असतील. तसं निघालं तर तसं लिही, आणि प्रत्येकाला का काढलं हे पेपरमध्ये एकेका ओळीत दे. ते वाचून कोणीतरी तुझे आभार मानेल. पण बघितल्याशिवाय 'शिकले नाहीत' असं लिहू नकोस. ते तुला माहीत नाही.

व्हिडिओ अजून सर्व्हरवर आहेत ना? बऱ्याच लॅबमध्ये वर्षभराने जागा करायला पुसतात, आणि वगळलेल्या प्राण्यांचे सगळ्यात आधी. पत्र वाचून झालं की पहिल्यांदा त्यांची प्रत काढून ठेव. मग सहापैकी कुठलाही एक घे, त्याचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिही, आणि त्याचा पहिला दिवस सुरुवातीपासून लाव. काय दिसलं ते मला कळव. पेपरच्या भाषेत नको. उंदीर काय करत होता, एवढंच.

तुझी वाट बघते आहे.